दुरुस्तीची रांग

रत्नप्रभा दिघेच्या उजव्या छातीत गाठ होती आणि घरात सगळ्यांना माहीत होतं ते तिचं गुडघ्याचं दुखणं.

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. पण सारखं हॉस्पिटलात जायचं तर काहीतरी दुखायला हवं, आणि गुडघा हा चारचौघांत सांगण्याजोगा अवयव. त्या दुसऱ्या अवयवाचं नाव एकोणीस वर्षांच्या संसारात तिने किंवा चारुदत्तने कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता काढायचं तर सुरुवात कुठून करायची? बिचारा चारुदत्त रोज संध्याकाळी तेल कोमट करून तिच्या धडधाकट गुडघ्याला चोळायचा, घड्याळ लावून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तिला रोज सांगावंसं वाटे आणि रोज ती म्हणे, "आज जरा बरं आहे."

मे महिन्यात तिथल्या लेडी डॉक्टरने गाठीत सुई घालून नमुना काचेवर घेतला होता. रिपोर्ट पंधरा दिवसांत. पंधरा दिवसांनी खिडकीतला माणूस म्हणाला, "माइक्रोस्कोप रिपेयर में गया है जी, अगले हफ्ते आइए." पुढच्या आठवड्यात बंद होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात अतिरेक्यांनी कुठल्याशा बसवर गोळीबार केला, सगळं हॉस्पिटल जखमींनी भरलं, आणि त्या आरडाओरड्यात आपल्या काचेचं विचारायची तिलाच लाज वाटली. मग लेडी डॉक्टर दिल्लीला बदली घेऊन मोकळी झाली. नवा डॉक्टर म्हणाला, आधी रिपोर्ट आणा. खिडकी म्हणाली, माइक्रोस्कोप. दुसरीकडे जायचं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि नवऱ्याला सांगायला आणखी एखादा अवयव शोधावा लागला असता. असं करता करता सप्टेंबर उजाडला. गाठ आवळ्याएवढी झाली. रत्नप्रभाला मरणाची भीती वाटत होती, अगदी साधी, भाजी निवडतानाही पाठ न सोडणारी.

चारुदत्त उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका सरकारी वर्कशॉपात होता. साताऱ्याहून नोकरीसाठी चंदीगडला आलेला, हाताने कसबी, स्वभावाने रजिस्टर. एका रात्री भात कालवता कालवता तो म्हणाला, "भिंगांना बुरशी काय धरते बघ! एका हॉस्पिटलचा मायक्रोस्कोप मेपासून आमच्याकडे पडलाय. एकदा विचारायलासुद्धा आले नाहीत."

"कुठल्या हॉस्पिटलचा?"

त्याने सांगितलं.

"आणि काम किती आहे त्याचं?"

"काम दोन दिवसांचं. पण अकरावा नंबर आहे ना. सध्या चौथा चाललाय."

रत्नप्रभाच्या हातातली पळी आमटीत पडली. नवऱ्याचा असा संताप तिला कधी आला नव्हता, आणि त्या बापड्याला यातलं काहीच ठाऊक नाही म्हणून तर तो जास्तच आला. "उद्या तो करा," ती म्हणाली.

"अगं, पण नंबर..."

"अहो, उद्या तो करा."

त्याच्या ऑफिसच्या कामात तिने आजवर कधी नाक खुपसलं नव्हतं. चारुदत्त इतका घाबरला, की कारण न विचारता त्याने रजिस्टरातले सहा नंबर ओलांडले.

तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोप तयार झाला. वर्कशॉपची जीप पोलिसांनी बंदोबस्ताला नेली होती. पेटी न्यायची तर स्कूटरवर मागे कुणीतरी हवं, आणि त्या दिवसांत स्कूटरवर दोन पुरुष दिसले की आधी बंदूक रोखली जाई, मग चौकशी. "मी धरते," रत्नप्रभा म्हणाली.

चौकातल्या नाक्यावर जवानाने अडवलंच. "पेटी में क्या है?"

"माइक्रोस्कोप."

"किसलिए?"

चारुदत्त कागद शोधत सगळे खिसे चाचपू लागला. जवानाची नजर त्याच्या हातांवरून हलेना. रत्नप्रभाला वाटलं, या जवानाला आपण पुन्हा कधी बघणार नाही. मग ते अगदी सहज बाहेर पडलं.

"मेरी छाती में गाँठ है, भैया. चार महीने से रिपोर्ट नहीं आया. इसी से देखेंगे."

जवान दोन पावलं मागे सरला आणि वाट दाखवत म्हणाला, "जाइए, बहनजी." एका किकेत सुरू होणारी स्कूटर त्या दिवशी पाच किका मारूनही सुरू होईना. चारुदत्तने मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या सेक्टरात पोचल्यावर एवढंच विचारलं, "आणि गुडघा?"

"गुडघा बरा आहे," ती म्हणाली.

लॅबमधले सरदारजी डॉक्टर मायक्रोस्कोप बघून खूश झाले. पोच म्हणून सही करायला त्यांनी पेन उघडलं. तिच्या काचेचं विचारल्यावर मात्र म्हणाले, "नंबर से होगा जी. दो सौ से ऊपर पेंडिंग हैं."

चारुदत्तने मायक्रोस्कोपवर बसवलेलं डोळ्याचं भिंग काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. "टेस्टिंग बाकी है. टेस्टिंग के लिए एक स्लाइड लगेगी. इनकी मँगवा लीजिए."

आवाज नेहमीचा, ऑफिसातला होता. हात मात्र खिशातल्या भिंगावर घट्ट दाबलेला होता. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं, रत्नप्रभाकडे पाहिलं आणि स्लाइड मागवली. चारुदत्तने भिंग परत बसवलं. मग बराच वेळ डॉक्टर त्याला डोळा लावून बसले.

"साफ दिख रहा है?" चारुदत्तने सवयीने विचारलं.

"बहुत साफ." डॉक्टरांनी मान वर केली. "ऑपरेशन कराना होगा. इसी हफ्ते." मग स्लाइडवरची तारीख वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यह तो मई की है! इतने दिन कहाँ थे आप लोग?"

रत्नप्रभाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चारुदत्तने तिचा हात घट्ट धरला. परक्या माणसांसमोर असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"माइक्रोस्कोप मेरे पास था," तो म्हणाला.