दोनशे एकोणीस नंबरची बाटली

मी बोलतेय खरी, पण आधीच सांगून ठेवते, माझ्यावर पटकन विश्वास टाकू नका. मी एक पांढरी, आतलं काही दिसू न देणारी प्लॅस्टिकची बाटली आहे. अंगावर नंबर आहे दोनशे एकोणीस. माझ्या पोटातल्या कॅप्सूलमध्ये औषध आहे की साधं तेल, हे माझं मलाच ठाऊक नाही.

माझ्यात कॅप्सूल भरल्या त्या दिवशी खोलीत दोन पिंपं होती. रंग सारखा, वास सारखा. पॅकिंगला नवीन आलेल्या बाईंना सुपरवायझर समजावत होत्या, "तेल खवट होतं ना, तसंच मेंदूच्या पेशींत होतं. त्यांच्या अस्तरात मेदाम्लं, म्हणजे तेलाचेच घटक, असतात. एक खवटलं की शेजारचं खवटतं, आणि पेशी मरत जातात. या पिंपातल्या मेदाम्लात जिथून खवटणं सुरू होतं, नेमक्या त्या नाजूक जागी साध्याऐवजी जड हायड्रोजन बसवलाय. तो सहजी सुटत नाही. म्हणजे खवटणं तिथेच अडेल, अशी आशा."

"आणि त्या पिंपात?"

"त्यात साधं. निम्म्या पेशंटना हे, निम्म्यांना ते. त्याशिवाय खरा उपयोग कळणार कसा? कुणाला काय गेलं, ते फक्त यादीत. यादी कुलपात."

मला कोणत्या पिंपातलं भरलं? त्याच वेळी लेबल लावणाऱ्या यंत्राने माझं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मुद्दाम फिरवलं असणार, असं मला आजही वाटतं.

तिथून मी या औषधाचा अभ्यास चालू असलेल्या इस्पितळात आले. नर्सबाईंनी मला एका कवायत मास्तरांच्या हातात दिलं. निवृत्त माणूस, पाठ ताठ, पण पावलं फाकलेली. मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी झिजण्याचा आजार. तरी स्वारी खुशीत होती. शेजारी बसलेल्या बाईंना ते म्हणाले, "पहिल्या तीन महिन्यांत फरक पडला बघा. मला अस्सल माल मिळालाय!"

त्या बाई म्हणजे ताई. तीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीत बसलेल्या. त्यांच्या धाकट्या भावाला हाच आजार होता. भावाचं सलून होतं. हात थरथरायला लागल्यावर त्याने स्वतःहून वस्तरा खाली ठेवला होता आणि आता तो नुसता गल्ल्यावर बसायचा. पहिल्या तीन महिन्यांच्या कॅप्सूलनी त्याला काडीचाही फरक पडला नव्हता. त्या वेळी तो आत तपासणीसाठी रक्त द्यायला गेला होता आणि त्याची नवी बाटली ताईंच्या पिशवीत होती.

मास्तरांना चालण्याच्या चाचणीसाठी बोलावलं. ते जाताना म्हणाले, "ताई, जरा पिशवीकडे लक्ष ठेवा हं."

ताईंनी लक्ष ठेवलं. आधी दाराकडे, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. हात सराईत होता. दुसऱ्या क्षणी मी त्यांच्या पिशवीत होते आणि भावाची बाटली मास्तरांच्या. लेबलं इतकी सारखी की नंबर वाचल्याशिवाय कळू नये, आणि नंबर वाचतो कोण?

सलूनवाल्यांच्या घरी मला जेवणाच्या टेबलावर जागा मिळाली. ताईंनी माझी एक कॅप्सूल टोचून बोटावर थेंब घेतला, हुंगला, जिभेला लावला. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय गं, तेलाची परीक्षा घेतेस? भजी तळायचीत का?" भाऊ हसला.

"गप. मुकाट्याने घे."

तो रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि ताई त्याच्या बोटांकडे टक लावून बघायच्या. "आज कप हिंदकळला नाही," असं त्या म्हणायच्या. मी टेबलावरच होते. कप रोजच्याइतकाच हिंदकळला होता. पण ज्याला बघायचंच असतं त्याला दिसतंच, हे मी तिथे शिकले.

एकदा भाऊ वैतागला. "अशी बघू नकोस. चोर पकडायला बसल्यासारखी. त्यानेच माझा हात जास्त हलतो."

ताईंनी मान वळवली. मला मात्र वाटलं, चोर हा शब्द त्यांना बरोबर लागला.

तीन महिन्यांनी बाटल्या परत द्यायच्या होत्या. तिथे उरलेल्या कॅप्सूल आणि लेबलावरचा नंबर, दोन्ही तपासतात. ताईंचा बेत साधा होता. बाकावर मास्तरांशेजारी बसायचं आणि गुपचूप बाटल्या पुन्हा बदलायच्या. त्या तासभर आधीच जाऊन बसल्या.

मास्तर आलेच नाहीत. त्यांची सून आली, हातात बाटली घेऊन. "बाबा पायऱ्यांवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एकही दिवस औषध चुकवलं नव्हतं हो त्यांनी."

ताई उठल्या. पुन्हा बसल्या. मग नर्सबाईंच्या टेबलापाशी जाऊन मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "ही त्यांची आहे. मी चोरली."

भाऊ शेजारीच उभा होता. त्याने मला उचललं, माझा नंबर वाचला आणि परत ठेवलं. मग म्हणाला, "ताई, पस्तीस वर्षं लोक माझ्या वस्तऱ्यापुढे विश्वासाने मान मागे टाकून डोळे मिटून बसले. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही मला?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "या आजारात माणसं पडतात. पडायला बाटलीच कारणीभूत असेल असं नाही." पण त्यांनाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की दोघांच्या या तीन महिन्यांच्या नोंदी बाद होतील. मास्तरांना हवं तर पुढे राहता येईल, सलूनवाल्यांना मात्र अभ्यासातून बाहेर पडावं लागेल. भावाने सही केली. सही वेडीवाकडी आली.

नंतरचं मला नर्सबाईंच्या बोलण्यातून कळलं. ताई मास्तरांच्या घरी गेल्या आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात त्या परत गेल्या, तेव्हा सुनेने दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी उघडलं. आता दर बुधवारी मास्तर वॉकर धरून अंगणात चालतात आणि ताई एक पाऊल मागे चालतात. मास्तर त्यांच्याशी फारसं बोलत नाहीत. "जरा लांब राहा," एवढंच म्हणतात.

मी कपाटात आहे. लाल शाईने "वापरू नये" असं लिहिलंय माझ्यावर. पोटात चौदा कॅप्सूल शिल्लक आहेत. अभ्यास संपेल तेव्हा यादी उघडेल आणि कुणीतरी माझा नंबर वाचेल.

वाचणाऱ्या माणसा, तुला एक विनंती आहे. माझ्या नावापुढे साधं तेल लिहिलेलं असेल, तर फोन उचल आणि ताईंना त्याच दिवशी कळव. मास्तरांचं त्यांनी काहीच हिरावून घेतलं नव्हतं, हे त्यांना कळू दे. प्रत्येक बाटलीला वाटतं आपण औषध असावं. मलाही वाटायचं. आता मी रोज या अंधाऱ्या कपाटात बसून हेच मनात म्हणते, की माझ्यात काहीही नसू दे.