सगीराबीचे डोळे

“किती बार तोच डोळा काढायचा, माय! त्यापरीस गवऱ्या थापलेल्या बऱ्या.”

सरू हे पुटपुटली तेव्हा तिचं नाक माझ्या नाकापासून वीतभर होतं. मित्रांनो, मी एक जुनी रंगीत तसबीर आहे. पडेगावच्या मजीद मास्तरांनी मला निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर दोन वर्षांनी काढलं, जवसाच्या तेलात रंग घोटून. माझ्यात त्यांची बायको सगीराबी आहे. ती पुढं वारली, मी भिंतीवर राहिले.

मास्तरांचा कायदा एकच. “पन्नास नकला झाल्याबिगर जित्या माणसाला समोर बसवायचं नाय.” माझ्या कडांना खिळे ठोकून ते दोरे ताणत, चौकटी पाडत आणि त्यांच्याकडं शिकणारी शेजारची सरू एकेक चौकट कागदावर उतरवून घेई. चार वर्षं गेली. माझ्या कडांना भोकंच भोकं पडली. पण माझ्याकडं इतकं निरखून दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं, म्हणून मुकाट सोसलं. खरं सांगते, आवडायचंही.

पन्नासावी नक्कल झाली त्याच महिन्यात सरूची आई आवडाबाई आजारी पडली, ती अंथरुणातून उठेना. घरात तिचा एक फोटो नव्हता. ही गेल्यावर चेहरा कुठं बघायचा, म्हणून सरूनं तिला उशीला टेकवून बसवलं. धीर यावा म्हणून मलाही मास्तरांकडून मागून आणलं, समोर टांगलं.

आवडाबाईचे डोळे बारीक, खोल. डावा जरा मिटल्यासारखा. माझे टपोरे. खोकल्याची उबळ आली की ती आडवी होई. सरूचा हात मात्र थांबत नसे. नजर तेवढी माझ्याकडं वळे. मी बघत होते, मित्रांनो. मला ओठ आहेत, पण ते रंगाचे. ‘माझ्याकडं नको गं, तिच्याकडं बघ,’ एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही तरी ज्याचं चित्र काढाल त्याच्याकडं बघा, तो समोर आहे तोवर.

चित्र झालं. शेजारची आशाबाई म्हणाली, “लुगडं लई झ्याक जमलंय!”

सरूचा मामा पुंजाराम म्हणाला, “कपाळावरचं गोंदण बी हुबेहूब.”

डोळ्यांचं कुणी नाव काढलं नाही. मजीद मास्तर आले. चित्रापुढं बसून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. त्यांना कळलं होतं. पण लुगड्यात का होईना, त्यांची सगीराबी परत आली होती. त्यांनीही लुगड्याचीच तारीफ केली.

शेवटी आवडाबाईनं चित्र मांडीवर मागून घेतलं. बोटानं लुगड्याचा काठ चाचपला. मग वर पाहिलं, माझ्याकडं.

“सरे, लुगडं माझंच हाय. पर ही मी नाय गं. समोर मला बसवलंस, अन् बघत बसलीस सगीराबीकडं.”