रिकाम्या भांड्यातलं विष

सभागृहाच्या दारापासून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आयांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या हातात बाळाच्या सुपाचा डबा होता. आत व्यासपीठावर धातूबाबा बसला होता. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. अंगातला पांढरा कोटही त्याने स्वतःच शिवून घेतला होता, कारण नुसत्या दाढीवर हल्ली भागत नाही.

त्याने एका आईचा डबा काचेच्या भांड्यात रिकामा केला, चिमूटभर मंतरलेलं मीठ टाकलं, दोन चकचकीत कांड्या बुडवल्या आणि बटण दाबलं. थोड्याच वेळात भोपळ्याच्या पिवळ्याधमक सुपावर मळकट तपकिरी फेस आला. सभागृहभर हाय हाय झालं.

"बघा माउली, हे जात होतं लेकराच्या पोटात. खतातलं विष, नळातलं विष, हवेतलं विष. माझ्या कांड्या कंपनं सोडतात आणि कंपनं धातूला ओढून घेतात."

कसली कंपनं, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. बाबाने फेस चमच्याने काढून टाकला आणि उरलेलं सूप डब्यात परत ओतलं. "आता हे अमृत झालं. घरी जाऊन पाजा."

तिसऱ्या ओळीत ताई बसली होती. मांडीवर तिचं आठ महिन्यांचं बाळ, आणि ते बाळ दोन महिने हेच अमृत पीत होतं. शेजारी तिची धाकटी बहीण. धाकटी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि ताईने तिला आज ओढूनच आणलं होतं.

"तुझा रिपोर्ट लावलाय बघ भिंतीवर. आता तरी पटेल ना?"

भिंतीवर खरोखरच तिची सही होती, चौकटीत, वर हार घातलेला. महिन्यापूर्वी ताईने बाटलीत फेस आणून दिला होता, यात काय आहे ते सांग म्हणून. धाकटीने तो आम्लात विरघळवून स्पेक्ट्रोमीटरला लावला. त्याच्या प्रचंड तापलेल्या ज्योतीत प्रत्येक धातू आपापला वेगळा उजेड देतो, आणि तो उजेड मोजून कुठला धातू किती ते मशीन सांगतं. लोखंड, क्रोमियम, निकेल. आकडे बिनचूक होते. बाबाने त्याखाली ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं: 'विज्ञानाने मान्य केलं.'

धाकटीने आज ते तीन आकडे पहिल्यांदा एकत्र वाचले. शंभर भाग धातूत सत्तरेक लोखंड, अठरा क्रोमियम, आठ निकेल. हे काही भोपळ्याचं प्रमाण नव्हे, हे स्टीलचं. तिने कपाळावर हात मारला. प्रयोगशाळेत ती रोज आधी ब्लँक लावायची, म्हणजे आम्ल तेच, भांडं तेच, फक्त अन्न नाही. त्यात जे दिसेल ती आपलीच घाण, ती वजा करायची. आम्लाचा ब्लँक तिने लावला होता. कांड्यांचा ब्लँक मागायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घेऊन आली आणि थेट व्यासपीठावर चढली.

"बाबा, यात अन्न नाही, नुसतं पाणी आहे. कांड्या बुडवा."

बाबा हसला. कांड्या बुडवल्या, बटण दाबलं. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"बघा," बाबा लोकांकडे वळला, "विषच नाही, तर निघणार काय? खुद्द प्रयोगशाळेच्या बाईंनी सिद्ध करून दिलं." टाळ्या पडल्या. ताईचीही पडली.

"थांबा, तुमचं मीठ राहिलं," धाकटी म्हणाली आणि त्याच्याच वाटीतली चिमूट तिने पाण्यात टाकली.

बटण बंद करायला बाबाचा हात पुढे गेला, पण तिने तो धरून ठेवला. मीठ विरघळलं आणि पाणी तपकिरी व्हायला लागलं. बघता बघता वर तोच मळकट फेस जमला.

"यात ना सूप, ना भाजी. मग हे विष कुठून आलं? तुमच्या मंतरलेल्या मिठातून?"

"कंपनं... कधी कधी उलटी फिरतात," बाबा पुटपुटला.

पहिल्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकटीने बटण बंद केलं, बाबाच्या सामानाच्या पेटीतली एक जुनी कांडी काढली आणि सगळ्यांना दाखवली. बुडणारा भाग खड्डे पडून करंगळीएवढा बारीक झाला होता.

"शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, मिठाच्या पाण्यातून जाते. ती जाताना ही स्टीलची कांडी विरघळते. माझ्या रिपोर्टातले धातू या कांडीचे आहेत, तुमच्या सुपातले नाहीत. फेस चमच्याने निघतो, विरघळलेलं सगळं निघत नाही. ते तुम्ही घरी नेऊन पाजता."

रांगेतल्या एका बाईने तरीही डबा पुढे केला, "आमचं एवढं करून द्या, मग काय ते भांडा." अशा माणसांपुढे मशीनसुद्धा हात टेकेल.

ताई पांढरीफटक पडली होती. "दोन महिने, गं. किती गेलं असेल त्याच्या पोटात?"

"माहीत नाही, ताई."

"थोडंच असेल ना? थोडंच असेल म्हण."

"मोजल्याशिवाय नाही म्हणणार. चल, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

ताईने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि दोघी रांग कापत जिना उतरल्या.

कोटाला, चौकटीला आणि आकड्यांना भुलू नका. आकडा खरा असला तरी तो सांगणारा खोटा असू शकतो. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा: आत काहीच नसताना काय होतं, ते आधी करून दाखव. हे म्हणायला शिक्षण लागत नाही, आणि लेकराच्या तोंडात घास घालण्याआधी म्हटलं तरच त्याचा उपयोग.