तांब्याभर पाणी

झुंबरबाईने निवडुंगाला बोट लावलं आणि बोट आत गेलं.

काटा टोचला असता तर तिने हात झटकला असता आणि एक शिवी हासडून कामाला लागली असती. तीन वर्षं खिडकीत उभं असलेलं हे झाड तिला काही कमी वेळा टोचलं नव्हतं. पण आज बुडाशी, दोन कडांच्या मधे, बोट उकडलेल्या बटाट्यात जावं तसं पेरभर आत रुतलं. बाहेर काढलं तर त्याला तपकिरी, आंबूस वासाचा चिकटा. झुंबरबाई मटकन खालीच बसली.

झाड तिच्या नवऱ्याचं, प्रेमराजचं. तो शिरपुरात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एस.टी.ने धुळ्याला जाऊन डायलिसिस करावं लागे. तिथल्या नाजमीन नावाच्या टेक्निशियन मुलीने त्याला हे झाड दिलं होतं. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाण्याची हद्द घालून दिली, तीही चहा आणि वरण धरून. ती हद्द राखायचं काम आपोआप झुंबरबाईकडे आलं. तिने बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा ओढल्या आणि तीन वर्षं एकही रेघ ओलांडू दिली नाही. प्रेमराज चिडे, विनवण्या करी, लहान पोरासारखा रुसून बसे. ही बया ढिम्म. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी त्याने "फक्त एक घोट" मागितला तेव्हा पाणी शेवटच्या रेघेच्या खाली गेलेलं होतं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

नवरा तहानलेला गेला आणि तो आपल्यामुळे, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं. कुणाजवळ बोलली नाही. बोलायची गरजही पडली नाही, कारण नणंद कमलबाई होती. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रेमराजच्या नावाने पहिली घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, सांजोऱ्यांचा निवद दाखवला. तेवढ्यात कमलबाई भरल्या घरात मोठ्याने म्हणाली, "मना भाऊ जिवत व्हता तवय घोटभर पानी दिधं नही, नि आते घागर भरस!"

झुंबरबाईला भुई दुभंगावी असं झालं.

दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी कुठे ओतायचं हा प्रश्नच नव्हता. सगळं या निवडुंगाला घातलं. तसंही त्याला ती रोज पाणी देतच होती. प्रेमराज देई तसंच. सकाळी आंघोळ झाली की तो तांब्याचा तांब्या काठोकाठ भरून घ्यायचा आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून खिडकीशी जायचा. बराच वेळ तिथे उभा राहायचा. चुलीपाशी बसून ती त्याची पाठ बघे आणि तिला भरून येई. स्वतःचं पाणी तुटलं, तरी झाडाला पोटभर पाजतोय बिचारा. तो गेल्याचं महिन्याचं श्राद्ध झाल्यावर तिने तो तांब्या स्वतःच्या हातात घेतला. एवढ्यावरही थांबली नाही. कुंडीतली रेताड, खडकाळ माती तिच्या डोळ्यांना भिकारी वाटली, म्हणून भावाच्या शेतातून कपाशीची काळीभोर माती आणवली आणि झाड तिच्यात लावलं. काळ्या मातीपेक्षा चांगली माती असते असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. रोज पाणी घातलं की कुंडीखालची थाळी भरून वाहे, फरशीवर ओघळ येई. ती तो फडक्याने पुसून घेई.

मग वैशाखात पारा चव्वेचाळीसवर गेला आणि झाड आक्रसायला लागलं. कडा पातळ झाल्या, अंगाला सुरकुत्या पडल्या. ऊन बाधलं, दुसरं काय! तिने संध्याकाळचा दुसरा तांब्या सुरू केला आणि कुंडीला ओलं पोतं गुंडाळलं. आणि आज हे.

नवऱ्यापाठोपाठ त्याचं झाडही आपण तहानेने मारलं, असं तिला वाटलं. मग ती उठली, टॉवेलमध्ये कुंडी गुंडाळली, पिशवीत घातली आणि धुळ्याची एस.टी. पकडली.

रविवार होता. देवपुरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर नाजमीन कपडे वाळत घालत होती. गच्चीच्या कठड्याला लागून तिची चाळीसेक निवडुंगं, सगळी कोरड्या ठणठणीत मातीत, सगळी तरारलेली. झुंबरबाईने पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली.

"नाजमीन बेटा, हाई झाड वाचाड. तुना काकानं शे. ऊन लागनं वाटस त्याले, बठ्ठं सुकाई गयं."

नाजमीनने टॉवेल सोडला. आधी माती चिमटीत घेतली, मग कुंडी उचलून खालचं भोक पाहिलं, मग पेन्सिलीच्या टोकाने बुडाशी दाबलं. तिचा चेहरा उतरला.

"काकू, हे उन्हाचं नाही. हे पाण्याचं आहे. मुळं कुजलीत सगळी. मुळंच नाहीत तर पाणी वर चढणार कसं? म्हणून ते सुकल्यासारखं दिसतंय. तुम्ही जितकं पाणी घातलंत तितकं ते जास्त कुजलं."

नाजमीनने शेंडा दाबून पाहिला.

"वरचं हिरवं आहे अजून. कापावं लागेल."

"कापनं?"

नाजमीनने सुरी आणली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. वर्तमानपत्राची जाड घडी झाडाभोवती धरली आणि मधोमध एका घावात ते तोडलं. झुंबरबाईच्या तोंडून किंकाळीच निघाली. खालच्या बायका जिन्यापर्यंत आल्या. कापल्या जागी मधोमध तपकिरी ठिपका होता. नाजमीनने सुरी पुन्हा पुसून आणखी बोटभर चकती उतरवली, मग आणखी एक. तिसऱ्यांदा आतला गर पांढरट हिरवा, स्वच्छ निघाला. तिने त्यावर हळद दाबली. कुंडीत होतं ते एवढं मोठं झाड, आता तळहाताएवढं शेंड्याचं टोक उरलं.

"हे असंच कागदावर सावलीत ठेवायचं. दहा दिवस. जखमेवर कोरडी खपली धरली की जाड रेती आणि खडीत उभं करायचं. तरी लगेच पाणी नाही. पुढे पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती पूर्ण वाळली तर. काकू, याला तहानलेलं ठेवलं तरच हे जगतं. काकांना देताना मी हेच सांगितलं होतं, हे तुमच्यासारखं आहे म्हणून."

"पन तुना काका रोज पानी देत व्हतात याले," झुंबरबाई म्हणाली. आता ती भांडणाच्या पवित्र्यात होती. "तांब्या भरीसन. तीन वरीस. तवय नही कुजनं ते?"

"रोज तांब्याभर?" नाजमीन हसली. "शक्य नाही. दोन-तीन महिन्यांत गेलं असतं हे."

"मी मना डोयानी देखेल शे!"

नाजमीनने वाद घातला नाही. कुजलेले तुकडे कागदात गुंडाळताना तिने सहज विचारलं, "मग खालची थाळी भरून वाहत असेल ना रोज?"

झुंबरबाई हो म्हणणार होती. तोंड उघडलंही. आणि तिला फरशी आठवली. गेले तीन महिने ती रोज सकाळी गुडघ्यांवर बसून तिथली फरशी पुसत होती. त्याआधीच्या तीन वर्षांत तिने खिडकीखाली फडकं एकदाही फिरवलं नव्हतं. थाळी कायम कोरडी असायची, धूळ धरलेली.

ते पाणी जात कुठे होतं?

उन्हाने तापलेल्या गच्चीवर तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मी पाठ देखेल शे," ती हळूच म्हणाली. "त्यासनी फक्त पाठ देखेल शे मी."

नाजमीनचे हात थांबले. ती म्हणाली, "काकू, डायलिसिसच्या आधी आम्ही वजन घ्यायचो ना, तर काकांचं दर वेळी चार-चार किलो वाढलेलं असायचं. सगळं पाणीच. मी त्यांना रागवायचे. ते शपथ घेऊन सांगायचे, बायको थेंब जास्त देत नाही म्हणून. तुम्हीही तेच सांगायचात, बाटलीच दाखवायचात. आम्हाला कोडंच पडायचं."

"शेवटी छातीत पानी भरनं, आसं डॉक्टर म्हने," झुंबरबाई पुटपुटली. "मी म्हनत व्हतू, मी इतलं मापी मापी देस, तं ते पानी उनं कथाईन?"

"काकू..."

"तुना काकाच पी जात व्हतात ते पानी!"

बोलून गेली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. मग तिला असा राग आला की समोर असता तर तिने त्या माणसाच्या डोक्यात तोच तांब्या घातला असता. तीन वर्षं! ती रेघा मारत होती, शेजाऱ्यांकडे त्याने पाणी मागू नये म्हणून गल्लीभर सांगत फिरत होती, आणि हा तिच्याच घरात, तिच्यापासून पाच हातांवर, झाडाच्या आडोशाने गटागटा ढोसत होता. त्या पाण्यानेच गेला मेला. ती रडायला लागली. नाजमीनने तिला जवळ घेतलं. रडता रडता तिला एकदम आठवलं की संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळीही तो खिडकीशी गेला होता. नेहमीसारखाच, काठोकाठ तांब्या घेऊन. म्हणजे त्या संध्याकाळचा घोट तिने नाकारला, पण त्या दिवशीचं पाणी त्याच्या पोटात होतं.

परतीच्या गाडीत मांडीवर वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन ती शिरपूरपर्यंत नुसती बसून राहिली. कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर हातांनी सवयीने तांब्या भरला. खिडकीशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पाणी द्यायचं नाही. कुंडी नव्हतीच. कागदावर तो हळद लावलेला शेंडा आडवा पडला होता.

तेवढ्यात मागे दारात कमलबाईच्या चपला वाजल्या. मागच्या गल्लीत राहणारी नणंद, वाटीभर साखर मागायला आलेली. आता हिला सांगावं. एका वाक्यात सांगून टाकावं की तुझा भाऊ तहानेने नाही मेला, चोरून पिऊन मेला. वाक्य अगदी ओठांवर आलं. पण मग उद्या गल्लीभर प्रेमराजचं हसं झालं असतं. बापडा तीन वर्षं एवढ्या मेहनतीने लपवत होता.

ती वळली नाही. दाराकडे पाठ ठेवून तिने दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं. घसा न थांबवता ती पीत गेली, आणि पिता पिता तिला कळलं की असं उभं राहिलं तर मागून काहीच दिसत नाही.

"हां, दे, दे झाडाले पानी," मागून कमलबाई म्हणाली. "आते कशी रोज पाजस!"

झुंबरबाईने शेवटचा घोट घेतला आणि पदराने तोंड पुसलं. तळाशी उरलेले दोन थेंब तिने खिडकीबाहेर झटकले.