दाजींच्या गाडीचा हॉर्न

दाजींच्या जुन्या गाडीला हॉर्न जोडून द्यायचं काम वायरमन तीन आठवडे आज-उद्या करत टाळत होता. "उद्या नक्की, दाजी," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग एका सकाळी गोदामाच्या फाटकाशी रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकने गाडीची ड्रायव्हरकडची बाजू चेपली आणि दाजी गेले. मुक्या हॉर्नचं बटण ते शेवटपर्यंत दाबत होते, असं बघणारे सांगत.

दार नवं बसल्यावर ताईने गाडी विकायला काढली आणि त्याच वायरमनला, आपल्या सख्ख्या भावाला, हॉर्नसाठी बोलावलं. त्याने बॅटरीपासून फ्यूजमार्गे रिलेपर्यंत वायर आणली, तिथून हॉर्नला नेली, बटणाची वायर स्टिअरिंगच्या दांड्यातून ओढून घेतली. हात सराईत चालत होते, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. बटण दाबताच हॉर्न खणखणीत वाजला.

ताई बाहेर आली. "किती वेळ लागला रे?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण जीभ रेटेना.

"वीस मिनिटं."

 ताई आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढे ती त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतंच.