यादीत नसलेलं गाव

"तैस्या, बोट नुसतं नाचवू नकोस. आपलं गाव दाखव साहेबांना."

नऊ वर्षांच्या तैस्यानं भिंतीवरच्या नव्या कोऱ्या नकाशात गावाजवळची लाया नदी धरली. बोट उत्तरेकडे सरकत सरकत गेलं आणि थेट समुद्रात उतरलं.

"बाई, नाहीये."

जिल्ह्याहून 'आपला देश ओळखा' सप्ताहासाठी आलेले शिक्षणाधिकारी रुस्लान वादिमोविच मोबाइलवर चित्रण करत होते. ते हसले. "एवढा अफाट रशिया, बाळ! अकरा वेगवेगळ्या वेळा चालतात इथे! बारकीसारकी गावं कुठे मावणार?"

वर्गातली सहा मुलं हसली नाहीत. त्यांच्या बाई, कपितोलिना येगोरोव्ना, तर नाहीच नाही. तेहतीस वर्षं तिनं हा देश शिकवला होता. व्लादिवोस्तोकपर्यंतची मोठी स्टेशनं तिला झोपेतून उठवलं तरी ओळीनं सांगता येत. स्वतः मात्र ती प्रांताच्या शहरापलीकडे कधी गेली नव्हती. तिथेही दोनदाच, दात काढायला.

"जुन्या नकाशावर आपल्या वेर्खोल्याचा ठिपका होता," ती म्हणाली.

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला आणि तिला दाराशी नेलं. "बाई, खरं सांगू? गावाचं नाव कमी झालंय. कागदोपत्री तुम्ही सगळे केव्हाच दुसरीकडे राहायला गेलात. मे महिन्यात शाळाही बंद होईल. मुलं वसतिगृहात जातील. चांगलं आहे हो, नळाला गरम पाणी येतं."

"मग माझा पगार कसा येतो?"

"शाळांची यादी वेगळी, गावांची यादी वेगळी."

"नाव कधी कमी केलं?"

"दोन वर्षं झाली. जानेवारीत."

कपितोलिनानं चौकट घट्ट धरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचा नवरा अर्सेनी पोट धरून गुरासारखा ओरडत होता. तिनं हेलिकॉप्टरसाठी फोन लावला होता. पलीकडची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, "कुठलं गाव? एकेक अक्षर सांगा, मावशी. नाही हो, असं गावच नाही आमच्याकडे." मग फोन तुटला. पहाटे अर्सेनी गेला. बाहेर वादळ होतं, म्हणून दोन वर्षं ती वाऱ्याला शिव्या घालत आली होती.

वाऱ्याला!

साहेबांच्या बर्फगाडीची किल्ली टेबलावर होती. तिनं ती उचलली आणि आपल्या जाड लोकरी नमद्याच्या बुटात सरकवली.

"बाई, हा काय पोरखेळ?"

"वही घ्या. घरोघरी चला. एकेक नाव लिहायचं, मग जायचं."

"मी तक्रार करीन तुमची!"

"करा ना. पत्ता काय घालणार?"

साहेब निघाले. करतात काय? जिल्हा एकशे ऐंशी किलोमीटरवर होता आणि बाहेर उणे बावीस.

पहिल्याच घरात फ्योकला आजीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मी नाही म्हणे या गावात? मग तीन महिन्यांपूर्वी मतपेटी घेऊन कुणाच्या दारात आला होतात रे मेल्यांनो? भुताच्या?"

"आजी, ते खातं माझं नाही."

"तुझं काय आहे मग? टोपी तरी तुझीच ना? लिही. फ्योकला सव्विश्ना, वय ब्याऐंशी. दात चार, तेही लिही."

बातमी त्यांच्यापुढे धावत होती. माणसं आपणहून अंगणात येऊन उभी राहिली होती. कुणी दरडावून नाव सांगितलं, कुणी साहेबांच्या बर्फानं भरलेल्या बुटांकडे बघून थुंकलं. तैस्याच्या आईनं माशाचं सारण भरून भाजलेल्या पिरोगचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्या खाल्ला. मान वर केली नाही. चाळीस नावं झाली.

शेवटचं घर बाईंचं.

"इथे किती जण?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एक." मग तिचा आवाज एकदम चढला. "दोन होते! लिहा! अर्सेनी फोमिच, होडीचा सुतार. तुम्ही नाव खोडलंत तेव्हा जिवंत होता. हेही लिहा."

"बाई, मी फक्त शाळा—"

"लिहा म्हणते ना!"

त्यांनी लिहिलं. पेनमधली शाई गोठत होती. पेन तोंडाजवळ धरून फुंकर घालत त्यांनी एकेक अक्षर पुरं केलं, खाली सही केली. किल्ली हातात पडताच ते मागे न बघता गेले. वही तिच्याकडेच राहिली; यादी तिनं पुढच्या टपालानं जिल्ह्याला पाठवली.

मे महिन्यात शाळेला कुलूप लागलं. सहाही मुलं होडीनं गेली. तैस्या मागच्या फळीवर बसली होती. तिनं हात हलवला नाही. जूनमध्ये टपाल आलं, त्यात कपितोलिनाच्या नावे एक सरकारी पत्र होतं. तिनं ते धक्क्यावर उभं राहूनच फोडलं. आपण पाठवलेली एक्केचाळीस रहिवाशांची यादी मिळाली. परंतु वेर्खोल्या नावाचं गाव अस्तित्वात नसल्यामुळे तिची नोंद घेता येत नाही.

तिनं पत्राचा बोळा करून नदीत फेकला. लिफाफा मात्र हातातच राहिला. त्यावर तिचं नाव होतं, वडिलांचं नाव, आडनाव. खाली ठसठशीत अक्षरांत गाव वेर्खोल्या, घर क्रमांक सतरा आणि पिनकोड.

एका अक्षराचीही चूक नव्हती.