अध्यक्षबाई पंपघरात

हिशोब सरळ होता. देशाच्या अध्यक्षबाई डोंगरावरच्या केंद्रात पाऊण तास थांबणार, त्यातली चार मिनिटं तबकडीताईच्या खुर्चीशेजारी उभ्या राहणार. तेवढ्यात एक सही पदरात पडली, की तीन वर्षांनी ताईचा संसार एका छपराखाली येणार. देशातल्या सगळ्यात मोठ्या सहीच्या बदल्यात द्यायचं काय, तर एक गोड हसू आणि चालणारं पेन. ताईने पेनं दोन घेतली होती.

डोंगरावरची ती भली मोठी तबकडी यानाकडे वळवायची, यानाची कुजबुज ऐकायची आणि त्याला हुकूम सोडायचे, हे तिचं काम; म्हणून ती तबकडीताई. नवरा हजार किलोमीटरवर बंदरात क्रेन चालवायचा. त्या गावातही खात्याचं छोटंसं केंद्र होतं, पण ताईचा बदलीचा अर्ज तीनदा वर जाऊन तीनदा खाली आला होता.

"आता थेट शेंड्यालाच हात घाल," नवरा सकाळी फोनवर म्हणाला. "माझी मुकादमी पुढच्या महिन्यात पक्की होतेय, नाहीतर मीच आलो असतो."

"हो ना. तीन वर्षं तू येतोच आहेस," ताई म्हणाली.

यानाचा एक पंख उघडायचा राहिला होता. त्याची सगळी वीज त्या पंखावर पडणाऱ्या उन्हातून. आज उघडला नाही, तर संध्याकाळपर्यंत यानाचं भंगार. ते डोंगरावर अकरा बेचाळीसला उगवणार आणि अकरा त्रेपन्नला मावळणार. केंद्रप्रमुखांनी मुद्दाम हाच मुहूर्त साधला होता. अध्यक्षबाईंच्या डोळ्यांदेखत पंख उघडला, की दुसऱ्या तबकडीची मंजुरी खिशात.

अकरा पस्तीस झाले तरी ताफ्याचा पत्ता नाही.

"यान दहा मिनिटं थांबवता येईल का?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"साहेब, ती बस नाही, हात दाखवला की थांबायला."

"मग जरा हळू?"

अकरा एक्केचाळीसला एकोणीस गाड्या धुरळा उडवत आल्या. डोंगरावर सावली एकच, तबकडीची. सुरक्षा पथकाची काळी व्हॅन नेमकी तिच्याखाली जाऊन उभी राहिली. ठेंगण्या, चपळ, सत्तरीच्या अध्यक्षबाई जिना जवळजवळ धावतच चढून आल्या आणि पडद्यावर डोळे लावून उभ्या राहिल्या.

बेचाळीस झाले. पडद्यावरची रेघ उसळायला हवी होती. ती झोपलेलीच.

"काय म्हणतंय यान?"

"मजेत आहे म्हणतंय!" केंद्रप्रमुख घाम पुसत म्हणाले. "बघा ना, किती शांत!"

अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

ताईने खिडकीतून खाली पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. कुणी दुरून स्फोट घडवू नये म्हणून ती व्हॅन आसपासच्या सगळ्या लहरी बंद पाडते. सगळ्यांचे मोबाइल मेले होते. मग यानाच्या कुजबुजीला कोण विचारतो!

"आणि तू काय करतेस, मुली?" अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. अर्ज हातात, पेन हातात, चार मिनिटं सुरू.

"बाई, टाळ्या थांबवा," ताई म्हणाली. "तुमच्या गाडीने यानाचा गळा धरलाय."

"गंमत करते ही!" केंद्रप्रमुख हसले. एकटेच.

"गाडी हलवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नाही हलवता येत," सुरक्षाप्रमुख ताठ उभा राहिला. "आपण इथे, तर गाडी इथे. नियम आहे."

"कुणी केला असला नियम?"

"सही आपलीच आहे, बाई."

अध्यक्षबाईंना जे हसू फुटलं, ते आवरेना. "अगं, मग मीच जाते की!" म्हणत त्या जिना उतरल्यासुद्धा. अरुंद घाटात एकोणीस गाड्या उलट्या निघाल्या, आणि चहाचा ट्रे घेतलेला वाढपी मागे पळता पळता पहिल्या वळणावर दमला.

अकरा एक्कावन्न. रेघ टुणकन उसळली. ताईने बेचाळीस आकडी हुकूम दाबायला घेतला. एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात टेबलावरचा जुना तारेचा फोन खणखणला.

"ताई, खालच्या पंपघरातून बोलतोय," पंपवाल्याचा आवाज चिरकला होता. "अध्यक्षबाई माझ्या स्टुलावर बसल्यात! मला मोटर बंद करायला लावलीय. देतो हं."

"आलं का गं यान?"

"आलं!"

"शाब्बास! बोल, काय हवं तुला? माग. लिहून घेते."

एकोणीस आकडे दाबून झाले होते, तेवीस बाकी होते. यान मावळायला एक मिनिटही उरलं नव्हतं, आणि रिसीव्हर धरून एका हाताने काही ते जमणार नव्हतं.

"नंतर बोलू," ताई म्हणाली आणि तिने राष्ट्राच्या प्रमुखाचा फोन ठेवून दिला. केंद्रप्रमुख होते तिथेच फरशीवर बसले.

पंख उघडला तेव्हा यान क्षितिजाला टेकलं होतं. खोलीत एकच कल्लोळ झाला. केंद्रप्रमुखांनी बसल्या बसल्याच लेखनिकाच्या पायांना मिठी मारली. ताईने धापा टाकत पंपघराला फोन लावला, तर मागे मोटर घरघरत होती.

"गेल्या, ताई. पुढचा कार्यक्रम होता. पाणी गोड आहे म्हणाल्या."

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. पलीकडून खदाखदा हसू.

"अध्यक्षबाईंना 'नंतर बोलू'? मग माझी काय पत्रास! उद्या मलाही म्हणशील."

"म्हणेनच. तीन वर्षं बोलतोच आहोत."

तो हसायचा थांबला. "मीच येतो."

"आणि मुकादमी?"

"दुसरा कुणी चढेल. मला सांग, तिथे उचलायला काही जड मिळेल ना?"

महिन्याभरात जमाखर्च मिटला. यानाला पंख मिळाला, केंद्रप्रमुखांना दुसरी तबकडी, पंपवाल्याला आयुष्यभर सांगायला गोष्ट. अध्यक्षबाईंचा गेला एक चहा. ताईचं काहीच गेलं नाही. सगळ्यांचं देणं फेडलं त्या एकट्या क्रेनवाल्याने: अकरा वर्षांची नोकरी, होऊ घातलेली मुकादमी आणि बंदरावरचा वट. आणि फेडून तो दोन बॅगा घेऊन, शीळ घालत डोंगर चढला.